पोर्तुगालची सफर : घरातील सर्वांसाठी

सुट्टीतील प्रवासाचा बेत घरात निघाला, म्हणजे दिवाणखान्यात नकाशे, वेळापत्रके आणि खर्चाचे आकडे यांचा पसारा मांडला जातो. मुले समुद्राची मागणी करतात, थोरांस थोडी विश्रांती हवी असते, कोणास जुन्या वास्तू पाहावयाच्या असतात. अशा वेळी कोपऱ्यातील आरामखुर्चीतून एक शांत आवाज येतो : "तुम्ही सगळे जाऊन या. माझे गुडघे काही ऐकायचे नाहीत. मी घर सांभाळते." हे उद्गार पुष्कळ घरांच्या परिचयाचे आहेत. कोठे ते आजीचे असतात, कोठे अर्धांगवायूच्या झटक्यातून सावरलेल्या वडिलांचे, तर कोठे लहानपणापासून चाकांच्या खुर्चीवर वावरणाऱ्या एखाद्या तरुण मुलीचे. त्यांत समंजसपणा असतो, परंतु इच्छेचा अभाव असतोच असे नाही. आपल्यामुळे इतरांचा विरस होऊ नये, एवढाच त्यांचा अर्थ असतो.

वस्तुतः अशा व्यक्तीस बरोबर नेणे शक्य आहे किंवा नाही, हा प्रश्न पुष्कळदा चुकीच्या रीतीने विचारला जातो. "तेथे सोय आहे काय?" असे विचारले, की "आहे" असे उत्तर मिळते आणि त्यावर विसंबून पैसे भरले जातात. प्रत्यक्ष पोहोचल्यावर दिसते, की हॉटेलात उद्वाहक आहे, परंतु त्याच्यापर्यंत जाण्यास चार पायऱ्या आहेत; खोली तळमजल्यावर आहे, परंतु स्नानगृहाचे दार अरुंद आहे. "सोय" हा शब्द फार सैल आहे. प्रत्येकाच्या अडचणीचे माप निराळे, तेव्हा सोयीचेही माप निराळेच असावयास हवे. म्हणून सोय आहे काय, असे न विचारता ती किती आहे, असे विचारावे. किती पायऱ्या, किती रुंद दार, किती चढ, किती अंतर, कोणत्या महिन्यात आणि किती वाजेपर्यंत, या साध्या प्रश्नांची उत्तरे हाती आली, म्हणजे निम्मा प्रवास सुखाचा झालाच म्हणून समजावे. ही रीत एका प्रत्यक्ष देशास लावून पाहिल्यास अधिक स्पष्ट होईल, आणि त्यासाठी पोर्तुगाल हा देश उत्तम उदाहरण आहे.

पोर्तुगाल हा युरोपच्या नैर्ऋत्य टोकाचा, अटलांटिक महासागरास पाठ लावून बसलेला लहानसा देश. त्याच्या मुख्य भूमीस नऊशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे. मराठी माणसास हे नाव परके नाही. गोमंतकावर १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि त्या दीर्घ सहवासाच्या खुणा मराठी भाषेत आजही सापडतात. पाव, बटाटा, चावी, अननस, काजू, पगार, हे नित्याचे शब्द त्याच वाटेने घरात आले आहेत. तेव्हा लिस्बनच्या हॉटेलात खोलीची किल्ली मागताना "शाव्ह" हा शब्द कानी पडला, तर कोणी दचकण्याचे कारण नाही. ती आपली चावीच होय.

हा देश निवडण्याचे मुख्य कारण मात्र दुसरे आहे. ज्यांना चालणे कठीण आहे अशा लोकांनाही समुद्राचा आनंद मिळावा, यासाठी तेथे गेली वीस वर्षे पद्धतशीर प्रयत्न चालू आहेत. 'सुगम किनारा, सर्वांसाठी किनारा' अशा अर्थाच्या नावाची एक सरकारी योजना तेथे असून, आज दोनशेहून अधिक किनारे तिच्यात समाविष्ट आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेने २०१९ मध्ये याच कार्याबद्दल पोर्तुगालचा गौरव केला. अर्थात गौरव झाला म्हणून सर्व देश सपाट झाला असे नव्हे. तेथील जुनी शहरे टेकड्यांवर वसलेली आहेत, रस्ते दगडी आहेत, आणि सर्वांत प्रसिद्ध अशा काही किनाऱ्यांवर जाण्यास पायऱ्यांवाचून दुसरा मार्गच नाही. म्हणून निवड महत्त्वाची.

प्रथम ऋतूचा विचार करू. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर हा पावसाचा काळ. त्या दिवसांत कोकणचा समुद्र खवळलेला असतो. पोर्तुगालमध्ये नेमके याच्या उलट. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो, आणि जून ते सप्टेंबर हे महिने कोरडे, स्वच्छ व सूर्यप्रकाशाचे असतात. जूनमध्ये सूर्य मावळण्यास रात्रीचे नऊ वाजत येतात. जुलै व ऑगस्टमध्ये मात्र सारा युरोप सुट्टीवर असतो. गर्दी दाटते, खोल्यांचे दर चढतात, आणि देशाच्या अंतर्भागात, विशेषतः आलेंतेजू प्रांतात, उष्णतामान चाळीस अंशांच्या वर जाते. दक्षिण किनाऱ्यावर ते साधारणतः एकोणतीस-तीस अंशांपर्यंत असते.

आता आपल्याकडील मोठी सुट्टी येते मे महिन्यात. तेव्हा जावे हा मोह साहजिक आहे. पण येथेच "किती" बरोबर "केव्हा" हाही प्रश्न विचारावा लागतो. किनाऱ्यावरील जीवरक्षक, पाण्यात नेणारी खुर्ची आणि ती चालविणारे मदतनीस ही सर्व व्यवस्था 'स्नानकाळ' म्हणून जाहीर झालेल्या मुदतीपुरतीच असते. ही मुदत काही ठिकाणी मेच्या मध्यास, परंतु पुष्कळ ठिकाणी जूनमध्ये सुरू होते आणि बहुधा सप्टेंबरअखेर संपते. प्रत्येक किनाऱ्याच्या तारखा दर वर्षी स्वतंत्रपणे ठरतात. मेच्या पहिल्या आठवड्यात गेलेल्या कुटुंबास लाकडी पायवाट कदाचित मिळेल, पण खुर्ची कुलपात असेल. म्हणून शाळेत जाणारी मुले बरोबर असतील, तर जूनचा पहिला पंधरवडा साधावा; मुलांचे बंधन नसेल, तर सप्टेंबर हा सर्वांत चांगला. त्या वेळी गर्दी ओसरलेली असते, आणि उन्हाळाभर तापलेले समुद्राचे पाणी वर्षात सर्वांत कोमट असते.

'कोमट' हा शब्द येथे तेथील मानाने घ्यावयाचा. गोव्याच्या समुद्राचे पाणी साधारण अठ्ठावीस अंशांचे असते. पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर ते भर उन्हाळ्यात एकवीस-बावीस अंशांपर्यंत चढते, आणि हिवाळ्यात पंधरा-सोळापर्यंत उतरते. पश्चिम किनाऱ्यावर ते याहूनही गार. उन्हाळ्यात तेथे उत्तरेकडील वारा किनाऱ्याला समांतर वाहतो, पृष्ठभागावरील पाणी समुद्राकडे लोटतो, आणि त्याच्या जागी खोल समुद्रातील थंड पाणी वर येते. त्यामुळे आकाश निरभ्र असूनही पाऊल पाण्यात टाकताच अंगावर शहारा येतो. पश्चिमेकडील लाटाही दांडग्या असतात. नाझारे येथील प्रचंड लाटांची ख्याती जगभर आहे. ज्यांस पाण्यात उतरावयाचे आहे, त्यांनी म्हणून दक्षिणेकडचा आल्गार्व्ह प्रांतच पत्करावा.

आल्गार्व्ह हे नाव अरबी भाषेतून आले असून त्याचा अर्थ 'पश्चिम' असा आहे. हा किनारा पूर्व-पश्चिम सुमारे दीडशे किलोमीटर पसरला आहे. परंतु तो सर्वत्र एकसारखा नाही. पश्चिम टोकास साग्रेश येथे उंच कडे व बोचरा वारा. तेथून पूर्वेस लागोश ते आल्बुफैरा या पट्ट्यात पिवळ्या-तांबड्या खडकांचे कडे, त्यांतील कमानी व गुहा आणि कड्यांच्या कुशीत दडलेल्या इवल्याशा पुळणी. प्रवासाच्या जाहिरातींत जी चित्रे दिसतात, ती बहुतेक याच भागातील. परंतु चित्रात पायऱ्या दिसत नाहीत. लागोशजवळील पोंता दा पिएदाद येथील खडकांचे सौंदर्य अप्रतिम खरे, पण पाण्यापर्यंत पोहोचण्यास पायऱ्यांची लांबच लांब रांग उतरावी लागते, आणि उतरलेल्यास ती पुन्हा चढावीही लागते.

याच्या उलट, फारू शहराच्या पूर्वेकडे किनारा सखल होत जातो. तेथे खाडी, मिठागरे आणि वाळूची लांबट बेटे आहेत. त्यांपैकी काही बेटांवर होडीने जावे लागते, तेव्हा होडीत चढण्या-उतरण्याची रीत आधी विचारावी. अगदी पूर्वेस, स्पेनच्या सरहद्दीजवळ, मोंती गोर्दू येथे रुंद व सपाट पुळण आहे. मध्यभागी व्हिलामोरा व क्वार्तैरा येथे किनाऱ्यालगत सपाट फिरण्याचे रस्ते आहेत. लागोश शहरातही, खडकांची बाजू सोडून दुसऱ्या बाजूस गेल्यास, मैया प्राया नावाची कित्येक किलोमीटर लांबीची मोकळी पुळण आहे. कड्यांची शोभा पाहावयाचीच असेल, तर ती वरूनही पाहता येते. कार्व्होएरू गावी कड्याच्या माथ्यावरून फळ्यांची पायवाट बांधली आहे. अशा रीतीने जेथे पाहावयाचे तेथे वरून पाहावे, आणि जेथे उतरावयाचे तेथे सपाट जागा निवडावी. म्हणजे कोणास काही गमावल्यासारखे वाटत नाही.

सुगम म्हणून जाहीर झालेल्या किनाऱ्यावर नेमके काय असते, हेही समजून घेणे अगत्याचे आहे. रस्त्यापासून किनाऱ्यापर्यंत पायऱ्यांविना वाट, जवळ राखून ठेवलेली वाहनांची जागा, वाळूवर पाण्याच्या शक्य तितक्या जवळ जाणारी पायवाट, वापरण्याजोगे शौचालय, प्रथमोपचाराची जागा आणि जीवरक्षक, इतक्या गोष्टी मूलतः असाव्या लागतात. पाण्यात नेणारी खुर्ची ही त्यावरची सोय. ती पुष्कळ ठिकाणी असते, पण सर्वत्र असतेच असे नाही. या खुर्चीची चाके फुगीर व रुंद असतात, म्हणून ती वाळूत रुतत नाही, आणि तिला तरंगणारे भाग असल्यामुळे पाण्यात ती बसलेल्यास अलगद उचलून धरते. ती स्वतः चालविता येत नाही. मदतनीस ढकलीत नेतात व पाण्यात सतत जवळ उभे राहतात. ज्या व्यक्तीने वर्षानुवर्षे समुद्र केवळ कठड्याआडून पाहिला, तिच्या गुडघ्यांवरून प्रथमच लाट जाते, त्या क्षणासाठी आधी केलेला सारा पत्रव्यवहार सार्थकी लागतो. मात्र त्यासाठी खुर्ची त्या किनाऱ्यावर आहे काय, कोणत्या वेळेत मिळते आणि आधी नाव नोंदवावे लागते काय, हे तीन प्रश्न निघण्यापूर्वीच नगरपालिकेस किंवा पर्यटन कार्यालयास विचारून ठेवावे.

समुद्रावरील निशाणांचा अर्थही घरातील सर्वांस ठाऊक असावा. हिरवे निशाण असल्यास पोहण्यास हरकत नाही. पिवळे असल्यास पाण्यात उभे राहता येते, पोहणे मना. तांबडे असल्यास पाण्यात पाऊलही टाकू नये. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे निशाण दिसले, तर जीवरक्षक काही काळ जागेवर नाहीत असे समजावे. अटलांटिकची भरती-ओहोटीही मोठी असते. सकाळी पायवाटेच्या टोकाशी असलेले पाणी दुपारी बरेच दूर गेलेले आढळते, आणि मध्ये ओल्या वाळूचा पट्टा पडतो. म्हणून भरतीची वेळ पाहून किनाऱ्यावर जाणे, हे चाकांच्या खुर्चीवरील माणसास विशेष सोयीचे.

येथे प्रकृतीसंबंधी एक-दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. दीर्घकाळच्या मधुमेहामुळे पुष्कळांच्या तळपायांची संवेदना मंदावलेली असते. अशा व्यक्तीस तापलेल्या वाळूचा चटका जाणवत नाही, आणि रात्री पाहावे तो तळव्यास फोड आलेले. त्यांनी पुळणीवर अनवाणी चालू नये. पाण्यातही वहाण घालूनच जावे. ज्यांच्या पाठीच्या कण्यास इजा झाली आहे, त्यांच्या शरीरास घाम येऊन थंड होण्याची क्रिया नीट साधत नाही. त्यांस उन्हाची बाधा लवकर होते. तेथील लोकही दुपारचे ऊन टाळतात. सकाळी अकरापर्यंत व सायंकाळी पाचनंतर किनारा, आणि मधला वेळ भोजन व वामकुक्षी, असा क्रम ठेवला, तर वृद्धांस व लहानांस तो सारखाच मानवतो. दिवस मावळण्यास उशीर असल्याने या विश्रांतीमुळे काही हुकतही नाही.

आता मुक्कामाच्या जागेकडे वळू. घरातून निघण्यापूर्वी एक मोजपट्टी घेऊन आपल्या खुर्चीची बाहेरील रुंदी, हातांनी चाक फिरविताना लागणारी जागा धरून, मोजावी. मग हॉटेलास लिहून खोलीच्या आणि स्नानगृहाच्या दाराची मोकळी रुंदी विचारावी. पोर्तुगालमध्ये २००६ च्या एका कायद्याने सुगमतेची मापे ठरविली आहेत. दारास किमान ७७ सेंटिमीटर मोकळी वाट, खुर्ची पुरती वळविण्यास दीड मीटर व्यासाची रिकामी जागा आणि उताराचा चढ साधारणतः शंभरास सहा, अशी ती आहेत. जुन्या इमारतींत ती सर्वत्र आढळतील असे नाही. परंतु विचारताना ही मापे पुढे ठेवली, की उत्तरही मापातच मिळते.

उताराचे गणित थोडे समजावून घेण्यासारखे आहे. तीन पायऱ्यांची उंची सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर होते. तेवढी उंची शंभरास सहा या मानाने चढावयाची, तर उतार साडेसात मीटर लांब हवा. एखाद्या हॉटेलाने तीनच मीटर लांबीची फळी टाकून "उतार आहे" असे कळविले, तर तो चढ शंभरास पंधरा होतो. त्यावर खुर्ची ढकलण्यास दोन सशक्त माणसे लागतील, आणि उतरताना भीती वाटेल ती निराळीच. म्हणून उताराचे छायाचित्र मागवावे. न्हाणीघराचेही मागवावे, त्यात उंबरठा आहे काय, भिंतीस आधाराच्या दांड्या आहेत काय, बसून स्नान करण्यास आसन आहे काय, हे पाहावे. पलंगाची उंचीही विचारावी, कारण खुर्चीवरून पलंगावर सरकताना पाच-सात सेंटिमीटरांचा फरकही जड जातो. ही सर्व उत्तरे लेखी घ्यावी, आणि ती आल्यावाचून आगाऊ रक्कम भरू नये.

विमानप्रवासासंबंधी युरोपात स्पष्ट नियम आहेत. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमावलीप्रमाणे तेथील विमानतळांवर अपंग व वृद्ध प्रवाशांस विनामूल्य साहाय्य मिळते. मात्र त्याची सूचना किमान अठ्ठेचाळीस तास आधी द्यावी लागते. मुंबईहून जाताना बहुधा वाटेत विमान बदलावे लागते. तेथेही साहाय्य लागेल, हे तिकीट काढतानाच नोंदवावे, आणि दोन विमानांमध्ये पुरेसा अवधी ठेवावा. खुर्ची विजेवर चालणारी असल्यास तिचे वजन, मापे व बॅटरीचा प्रकार विमान कंपनीस आधी कळवावा लागतो. तेथील वीज आपल्याप्रमाणेच २३० व्होल्टची आहे. केवळ खटक्याची घडण निराळी असल्याने जोडपिन बरोबर न्यावी. औषधे, विशेषतः इन्सुलिन, सामानाच्या पेटीत न टाकता हातातील पिशवीत ठेवावी, आणि वैद्याच्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ शास्त्रीय नाव लिहून घ्यावे. व्यापारी नावे देशागणिक बदलतात. उन्हाळ्यात पोर्तुगालचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. औषधाच्या वेळा त्याप्रमाणे कशा सरकवाव्या, हे वैद्यास विचारून कागदावर मांडून ठेवावे.

प्रवेशपरवान्याचे कामही लवकर हाती घ्यावे. भारतीय नागरिकास शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांच्या आत आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करता येतो. पण उन्हाळ्याच्या गर्दीत शेवटच्या मुदतीची वाट पाहणे शहाणपणाचे नव्हे. त्यासोबत किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय खर्चाचा विमा आवश्यक असतो. विमा उतरविताना आधीपासून असलेल्या दुखण्याचा खर्च त्यात धरला आहे किंवा नाही, हे कलम स्वतः वाचावे. वृद्धांच्या बाबतीत नेमके तेच कलम कामाचे असते. तेथे आकस्मिक प्रसंगी ११२ या क्रमांकावर साहाय्य मागता येते.

पुष्कळ प्रवाशांचा पहिला मुक्काम राजधानी लिस्बन येथे पडतो. हे शहर सुंदर आहे, परंतु टेकड्यांवर पसरलेले आहे. त्याची सपाटी व चढ समजण्यास इतिहासाचा थोडा आधार होतो. १७५५ मध्ये झालेल्या भयंकर भूकंपात शहराचा मधला सखल भाग उद्ध्वस्त झाला, आणि नंतर तो सरळ, रुंद रस्त्यांचा आराखडा आखून नव्याने बांधण्यात आला. हाच बैशा विभाग. येथे खुर्ची नेणे त्या मानाने सोपे. शेजारचा आल्फामा हा जुना विभाग भूकंपातून बराचसा वाचला, म्हणून त्याच्या गल्ल्या आजही वेड्यावाकड्या, चढाच्या व पायऱ्यांच्या आहेत. तेथे चालण्याचा हट्ट धरू नये. त्यातून जाणारी २८ क्रमांकाची जुनी ट्राम चित्रांत मोहक दिसते, पण तिची पायरी उंच आहे. बेलेंकडे जाणाऱ्या १५ क्रमांकाच्या मार्गावर खालच्या फरशीच्या आधुनिक गाड्या धावतात.

बेलें येथील जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची समाधी आहे. १४९८ मध्ये कालिकतच्या किनाऱ्यास लागलेल्या या दर्यावर्दीचे नाव येथील प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक आहे. तेव्हा ते स्थळ पाहण्याची उत्सुकता असणारच. जवळच नदीकाठी बेलेंचा बुरूज आहे. त्याच्या आतील जिना अरुंद व गोल असल्याने वर जाण्याचा विचार चालू न शकणाऱ्यांनी सोडावा. त्याची खरी शोभा नदीकाठाच्या सपाट वाटेवरूनच दिसते. १९९८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी वसविलेला पूर्वेकडील नदीकाठचा विभाग मात्र सर्वस्वी सपाट आहे. तेथील भव्य मत्स्यालय लहान-थोर सर्वांस एकत्र पाहता येते, आणि विमानतळावरून मेट्रोची लाल मार्गिका तेथे जाते. ज्यांस चालण्याची अडचण आहे, त्यांनी मुक्कामही याच बाजूस करणे सोयीचे.

लिस्बनच्या पदपथांविषयी एक सूचना अवश्य द्यावयास हवी. पांढऱ्या-काळ्या दगडांच्या लहान तुकड्यांची नक्षीदार फरसबंदी हे त्या शहराचे भूषण. पण तिच्यावरून खुर्चीची लहान पुढली चाके खडखडतात व अडकतात, आणि पाऊस पडल्यास ती निसरडी होते. काठी घेऊन चालणाऱ्यांनी काठीच्या टोकास नवे रबर बसवून घ्यावे. हा खर्च अगदी किरकोळ, पण त्याने एखादे हाड मोडावयाचे वाचते.

लिस्बनहून फारूस आगगाडीने सुमारे तीन तासांत जाता येते. जलद गाड्यांत चाकांच्या खुर्चीसाठी जागा असते. फलाट व डबा यांतील अंतर ओलांडण्यास मदत लागते, म्हणून रेल्वेस आधी कळवून ठेवावे. एका जागी मुक्काम करून तेथूनच आसपासची स्थळे पाहावी. रोज नवे हॉटेल म्हणजे रोज नवे दार, नवे न्हाणीघर आणि नवा उंबरठा. दिवसाला एकच मोठा कार्यक्रम ठेवावा.

लोकव्यवहारातही या देशात एक चांगली रीत आहे. २०१६ च्या कायद्याप्रमाणे अपंग व्यक्ती, शारीरिक मर्यादा असलेले पासष्ट वर्षांवरील वृद्ध, गर्भवती आणि तान्ह्या मुलासह आलेले लोक यांस दुकानांत व कचेऱ्यांत प्रथम सेवा द्यावी लागते. तेव्हा कोणी रांगेतून पुढे बोलाविले, तर संकोच करू नये. थोडे पोर्तुगीज शब्दही उपयोगी पडतात. "द्ग्राउश" म्हणजे पायऱ्या, "एल्व्हादोर" म्हणजे उद्वाहक, आणि "कादैरा द रोदश" म्हणजे चाकांची खुर्ची. एवढ्या तीन शब्दांवर आणि हातवाऱ्यांवर पुष्कळ काम भागते.

राहिला प्रश्न घरातील माणसांचा. प्रवासात खुर्ची ढकलणे, स्नानास मदत करणे, औषधे देणे, ही कामे बहुधा एकाच व्यक्तीकडे, पुष्कळदा घरच्या सुनेकडे किंवा मुलीकडे येतात. तिची सुट्टी मग सुट्टी राहत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच पाळ्या वाटून घ्याव्या : सकाळ एकाची, सायंकाळ दुसऱ्याची, आणि मुलांच्या वयाप्रमाणे त्यांच्याकडेही काही हलकी कामे. त्याचप्रमाणे ज्यांच्यासाठी ही सारी तयारी, त्यांना केवळ सोबतीचे सामान समजून त्यांच्या वतीने निर्णय घेऊ नयेत. समुद्रात उतरावयाचे की काठावर बसून नातवंडांचा खेळ पाहावयाचा, हे त्यांनीच ठरवावे. काहींस लाटेचा स्पर्श हवा असतो. काहींस नुसता वारा, गरम कॉफी आणि कोणी घाई करीत नाही एवढी स्वस्थता पुरते.

या सर्व खटाटोपाने खर्च काहीसा वाढतो आणि पाहावयाच्या स्थळांची यादी आखूड होते, हे खरे. परंतु यादीतील दहा स्थळे पाहून परतलेल्या कुटुंबास घरी राहिलेल्यापुढे छायाचित्रे उलगडावी लागतात. चारच स्थळे पाहिलेल्या कुटुंबास तो प्रसंग येत नाही. पुढील उन्हाळ्याचा बेत ज्या घरात निघेल, तेथे नकाशा उघडण्यापूर्वी आरामखुर्चीतील त्या व्यक्तीजवळ बसून दोन गोष्टी विचाराव्या : तिला काय पाहावयाचे आहे, आणि किती पायऱ्या चढता येतात. त्यानंतर मोजपट्टी घ्यावी व पत्रे लिहावयास बसावे.